मेंदूंची लय जुळते म्हणजे काय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दोन माणसं मन लावून बोलत असली की त्यांच्या हालचाली, श्वास, डोळ्यांच्या बाहुल्या आणि मेंदूतले चढउतार एकमेकांशी ताल धरू लागतात. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत हे प्रयोगशाळेत अनेक प्रकारे दिसलं आहे. विषय निघाला की काही जण लगेच टेलिपथीकडे वळतात, तर काही जण "हे तर आम्हाला आधीच ठाऊक होतं" म्हणून सोडून देतात. दोन्हींमध्ये खरी गंमत निसटते. म्हणून नेहमी विचारले जाणारे प्रश्न इथे सविस्तर घेतले आहेत.

"मेंदू जुळतात" म्हणजे नक्की काय जुळतं?

मेंदूत सतत चढउतार चालू असतात. पेशींच्या समूहांची विद्युत हालचाल वरखाली होते. जो भाग कामाला लागतो तिकडे रक्ताचा ओघ वाढतो आणि मग ओसरतो. दोन माणसांच्या या चढउतारांचे आलेख शेजारी शेजारी ठेवायचे. एकातला चढ दुसऱ्यातल्या चढाशी, किंवा ठरावीक अंतराने मागून येणाऱ्या चढाशी, योगायोगाने जमेल त्याहून जास्त वेळा मेळ खात असेल, तर त्यांची लय जुळली असं म्हणतात. संशोधक याला सिंक्रोनी म्हणतात. आपल्याकडे ताळमेळ हा चांगला शब्द आहे, तोच मी वापरते.

जुळणं म्हणजे दोघांच्या मनात एकच विचार येणं नव्हे. इथे मला नेहमी घड्याळांची गोष्ट आठवते. १६६५ मध्ये डच शास्त्रज्ञ ख्रिस्तिआन हायगेन्स आजारी होता आणि खोलीत पडून होता. एकाच आधाराला टांगलेली दोन लंबकांची घड्याळं तो पाहत होता. काही वेळाने दोन्ही लंबक एका लयीत यायचे. एक डावीकडे जाताना दुसरा उजवीकडे. मुद्दाम बिघडवलं तरी अर्ध्या तासात पुन्हा जमायचं. शेवटी कळलं की ज्या तुळईला घड्याळं टांगली होती, तिच्यातून जाणवणारही नाही अशी थरथर एकाकडून दुसऱ्याकडे जात होती.

माणसांच्या बाबतीतही सगळं या तुळईवर अवलंबून आहे. आपल्या मधली तुळई म्हणजे आवाज, नजर, स्पर्श आणि दोघांनी मिळून हातात घेतलेलं काम. ती काढून घेतली तर मेंदूंना एकमेकांचा पत्ताही लागणार नाही.

मग ही टेलिपथी आहे का?

नाही. पण हा प्रश्न विचारणाऱ्यांना मी हसत नाही, कारण मेंदूच्या लहरी मोजायचं तंत्रच या प्रश्नातून जन्माला आलं. हान्स बर्गर हा जर्मन डॉक्टर तरुणपणी सैन्यात असताना घोड्यावरून पडला आणि थोडक्यात वाचला. त्याच दिवशी दूर असलेल्या त्याच्या बहिणीला तो संकटात आहे असं वाटलं आणि घरून तार आली. हा प्रसंग त्याच्या मनातून गेला नाही. विचारांची ऊर्जा मोजता येईल का, या ध्यासापायी त्याने १९२४ मध्ये माणसाच्या मेंदूतल्या विद्युत लहरींची पहिली नोंद घेतली आणि १९२९ मध्ये ती प्रसिद्ध केली. टेलिपथी सापडली नाही, ईईजी सापडला, म्हणजे या लहरी टिपणारा आलेख.

पुढे १९६५ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात एक प्रयोग छापून आला. वेगवेगळ्या खोल्यांत बसवलेल्या जुळ्यांपैकी एकाने डोळे मिटले की दुसऱ्याच्याही मेंदूत तसाच बदल होतो, असा दावा त्यात होता. पंधरा जोड्यांपैकी दोनच जोड्यांत तसं दिसलं होतं आणि आकडेवारीची साधी कसोटीही लावलेली नव्हती. ते टिकलं नाही. आज ज्या ताळमेळाबद्दल आपण बोलतो, त्यात प्रत्येक वेळी मधली तुळई दाखवता येते.

हे मोजतात कसं?

दोघांचे मेंदू एकाच वेळी मोजण्याला हायपरस्कॅनिंग म्हणतात. २००२ मध्ये रीड माँटेग्यू आणि सहकाऱ्यांनी दोन एफएमआरआय यंत्रं (मेंदूतल्या रक्ताच्या ओघातले बदल टिपणारी) इंटरनेटने जोडली, दोन माणसांना एकमेकांशी एक साधा खेळ खेळायला लावलं आणि हा शब्द रूढ केला.

तीन तंत्रं जास्त वापरली जातात आणि तिन्हींत काही ना काही उणं आहे. ईईजीत डोक्यावर टोपीसारखी जाळी बसवतात. सेकंदाच्या हजाराव्या भागातला बदल त्यात दिसतो, पण तो मेंदूच्या नेमक्या कुठल्या भागातून आला हे धूसर राहतं, आणि जबडा हलला तरी नोंद बिघडते. एफएमआरआयमध्ये जागा नेमकी कळते, पण रक्ताचा ओघ वाढून शिखराला पोचायलाच पाचेक सेकंद जातात; शिवाय एकटं, निश्चल, गोंगाटाच्या नळकांड्यात पडून राहावं लागतं. गप्पा मारण्यासाठी याहून वाईट जागा शोधून सापडणार नाही. तिसरं तंत्र एफनिर्स. त्यात कवटीतून आत जाणाऱ्या प्रकाशाने रक्तातल्या प्राणवायूचा अंदाज घेतात. माणसं समोरासमोर बसू शकतात, मूल मांडीवर घेता येतं. पण प्रकाश मेंदूच्या वरच्या थरापलीकडे पोचत नाही.

कुणी गोष्ट सांगत असताना ऐकणाऱ्याच्या मेंदूत काय होतं?

या विषयातला मला सर्वांत आवडणारा भाग हा.

सुरुवात २००४ मध्ये झाली. उरी हॅसन आणि सहकाऱ्यांनी पाच जणांना, प्रत्येकाला वेगवेगळं, एका गाजलेल्या सिनेमाचा अर्धा तास एफएमआरआयमध्ये दाखवला. कुठे बघायचं, काय विचार करायचा, काही सांगितलं नव्हतं. तरीही मेंदूच्या पृष्ठभागाच्या सुमारे ३० टक्के भागातले चढउतार पाचही जणांत मेळ खात होते. या माणसांनी एकमेकांना पाहिलंही नव्हतं. त्यांच्या मधे होता तो फक्त सिनेमा. म्हणजे एकच गोष्ट समोर असणं एवढ्यानेही मेंदू एका लयीत येतात. हे नीट लक्षात ठेवा, पुढे एका अवघड प्रश्नात ते लागणार आहे.

२०१० मध्ये याच गटाने एका व्यक्तीला यंत्रात झोपवून, पाठ न केलेली, स्वतःच्या आयुष्यातली एक गोष्ट सांगायला लावली. ती ध्वनिमुद्रित केली आणि नंतर अकरा जणांना यंत्रात ऐकवली. ऐकणाऱ्यांचे चढउतार सांगणाऱ्याच्या चढउतारांमागून, थोड्या अंतराने, चालले होते. ऐकायला वेळ लागतो, तेव्हा इथपर्यंत अपेक्षितच होतं. पण मेंदूच्या काही भागांत ऐकणारा सांगणाऱ्याच्या पुढे होता. पुढे काय येणार याचा अंदाज बांधून तो आधीच तिथे जाऊन थांबला होता. आणि हे पुढे जाणं ज्यांच्यात जास्त दिसलं, त्यांना गोष्टही जास्त चांगली समजली होती. मग याच संशोधकांनी ऐकणाऱ्यांना रशियन भाषेतली गोष्ट ऐकवली. ती भाषा त्यांना येत नव्हती. तेव्हा हा ताळमेळ नाहीसा झाला. कानावर आवाज पडणं पुरेसं नव्हतं, अर्थ पोचायला हवा होता.

एखाद्या जवळच्या माणसाचं वाक्य आपण मनात आधीच पुरं केलेलं असतं, ते याच कामाचं टोक आहे. चांगलं ऐकणं ही निमूटपणे बसून करायची गोष्ट वाटते खरी, पण मेंदू त्या वेळी अखंड अंदाज बांधत, चुकत, दुरुस्त करत असतो. त्यामुळेच मन लावून तासभर ऐकल्यावर माणूस थकतो.

बोलताना आपली पाळी कधी आली हे कसं कळतं?

२००९ मध्ये दहा वेगवेगळ्या भाषांतल्या संभाषणांची तुलना प्रसिद्ध झाली. प्रश्न संपून उत्तर सुरू होईपर्यंतचं अंतर सरासरी ०.२ सेकंदाच्या आसपास निघालं. भाषेभाषेत फरक होता, पण थोडा. आता दुसरा आकडा पाहा: साध्या वस्तूचं चित्र बघून तिचं नाव तोंडातून बाहेर यायलाच ०.६ सेकंदाच्या घरात वेळ लागतो. म्हणजे समोरच्याचं वाक्य संपल्यावर उत्तराची जुळवाजुळव सुरू केली, तर आपण नेहमीच उशिरा बोलू. तसं होत नाही, कारण त्याचं वाक्य अर्ध्यावर असतानाच आपण उत्तर तयार करत असतो, आणि त्याच वेळी त्याच्या आवाजाच्या उतारावरून वाक्य कुठे टेकणार याचाही अदमास घेत असतो.

बोलण्यात साधारणपणे सेकंदाला चार ते आठ अक्षरं येतात, आणि ऐकणाऱ्याच्या श्रवणकेंद्रातल्या संथ लहरी याच ठेक्याला धरून चालतात. पुढचं अक्षर कधी पडणार हे आधी कळलं की ते पकडणं सोपं जातं. सांगणाऱ्याला अधूनमधून दिलेला हुंकारही याच यंत्रणेचा भाग आहे. तो चुकीच्या जागी आला की सांगणारा अडखळतो.

समोरच्यासारखं बसणं, हात हलवणं नकळत का होतं? आणि मुद्दाम केलं तर?

१९९९ मध्ये तान्या शार्ट्रँड आणि जॉन बार्ग यांनी याचे प्रयोग प्रसिद्ध केले. प्रयोगात सामील असलेली व्यक्ती पाय हलवू लागली की समोरचाही हलवू लागे, ती चेहऱ्याला हात लावू लागली की तोही लावी, आणि नंतर विचारलं तर यातलं काहीच त्याच्या लक्षात आलेलं नसे. जिची सूक्ष्म नक्कल केली गेली, अशा व्यक्तीला समोरचा माणूस जरा जास्त आवडला, असंही दिसलं.

विक्रीच्या आणि मुलाखतीच्या प्रशिक्षणांत हे हत्यार म्हणून शिकवतात. माझा सल्ला आहे, यात पडू नका. लय आपोआप जुळते तेव्हा तुमचं लक्ष समोरच्यावर असतं. मुद्दाम नक्कल करताना ते स्वतःच्या हातांवर जातं. आणि समोरच्याला कळलं, तर होता तोही विश्वास जातो.

एकत्र ठेका धरल्याने माणसं जवळ येतात का?

बऱ्याच प्रयोगांचं उत्तर होकारार्थी आहे. २००९ मध्ये मायकल होव्ह आणि जेन रायझन यांनी लोकांना बोटांनी ठेका धरायला लावला. शेजारी बसलेली प्रयोगकर्ती त्याच ठेक्यात बोट आपटत असेल तर ती त्यांना जास्त आवडली. वेगळ्या ठेक्यात आपटत असेल तर तसं झालं नाही. त्याच वर्षीच्या दुसऱ्या अभ्यासात पावलं जुळवून एकत्र चाललेल्या गटांनी नंतरच्या खेळात एकमेकांना जास्त सांभाळून घेतलं.

लहान मुलांवरचा प्रयोग मला जास्त पटतो, कारण चौदा महिन्यांच्या बाळाला प्रयोगाचा हेतू ओळखता येत नाही. २०१४ मध्ये लॉरा सिरेली, लॉरेल ट्रेनर आणि सहकाऱ्यांनी अशा बाळांना संगीताच्या तालावर हलवलं. समोर एक बाई त्याच तालात किंवा तालाबाहेर हलत होती. नंतर त्या बाईच्या हातून वस्तू खाली पडल्या. जी बाळं तिच्या तालात हलली होती, त्यांनी वस्तू उचलून देण्यात जास्त मदत केली.

लय जुळवायला प्रत्येक जण थोडं काही सोडतो, हे टाळ्यांच्या अभ्यासात छान दिसतं. २००० मध्ये 'नेचर'मध्ये तो आला. रुमानिया आणि हंगेरीतल्या नाट्यगृहांतल्या टाळ्या त्यात ध्वनिमुद्रित केल्या होत्या. सुरुवातीला कडकडाट असतो, प्रत्येकाचा वेग वेगळा. मग टाळ्या एकदम एका ठेक्यात येतात. त्यासाठी प्रत्येकाचा वेग जवळजवळ निम्म्यावर येतो, कारण वेगाने टाळ्या वाजवताना माणसामाणसांतला फरक मोठा असतो, संथ वाजवताना कमी. पण वेग निम्मा झाला की एकूण आवाजही कमी होतो. कौतुक कमी पडतंय असं वाटून लोक पुन्हा वेग वाढवतात आणि ठेका मोडतो. काही क्षणांनी पुन्हा जुळतो, पुन्हा मोडतो. एका सभागृहात दोन्ही एकाच वेळी मिळत नाहीत, मोठा आवाजही आणि एक लयही.

हृदयाचे ठोकेही जुळतात हे खरं का?

हो, आणि बहुतेक वेळा मधे श्वास असतो. श्वास सोडताना हृदयाचा वेग किंचित मंदावतो, घेताना वाढतो. समूहगानात सगळे एकाच जागी श्वास घेतात, म्हणून हृदयाचे चढउतारही एकत्र होतात. स्वीडनमधल्या संशोधकांनी २०१३ मध्ये हे मोजून दाखवलं.

श्वासाने उलगडत नाही असंही एक उदाहरण आहे. स्पेनमधल्या सान पेद्रो मान्रिके गावात वर्षातून एकदा निखाऱ्यांवरून चालण्याचा विधी असतो. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात चालणाऱ्यांच्या आणि बघणाऱ्यांच्या हृदयगतीची तुलना केली. बघणाऱ्यांत चालणाऱ्यांचे नातेवाईक आणि मित्र होते, त्यांची हृदयगती चालणाऱ्यांच्या हृदयगतीशी मेळ खात होती. शेजारीच उभ्या असलेल्या परक्यांची खात नव्हती. दृश्य एकच होतं, फरक पडला तो निखाऱ्यावरच्या माणसाशी असलेल्या नात्याने.

आई आणि बाळामध्ये हे कधी सुरू होतं?

फार लवकर. रूथ फेल्डमन यांच्या गटाने २०११ मध्ये दाखवलं की तीन महिन्यांचं बाळ आणि आई समोरासमोर असताना, विशेषतः त्यांचे आवाज आणि चेहऱ्यावरचे भाव जुळलेल्या क्षणांत, दोघांच्या हृदयाची लय एका सेकंदाच्या आतच्या अंतराने एकमेकांना धरून चालते. केंब्रिजमध्ये व्हिक्टोरिया लिआँग आणि सहकाऱ्यांनी आठ महिन्यांच्या बाळांवर काम केलं. मोठ्या माणसाने थेट बाळाकडे पाहून गाणं म्हटलं, तर दोघांच्या मेंदूंतला ताळमेळ वाढला. नजर बाजूला असताना तो कमी होता.

हे वाचून आयांना, आणि बाळाला सांभाळणाऱ्या कुणालाही, धास्ती बसते: आपण सतत बाळाशी जुळलेले राहतो ना? ही धास्ती काढून टाकणं मला फार महत्त्वाचं वाटतं. एडवर्ड ट्रॉनिक यांनी सत्तरच्या दशकात एक प्रयोग केला. आई बाळाशी खेळता खेळता अचानक चेहरा निर्विकार करते. बाळ हसून बघतं, हात पुढे करतं, आवाज काढतं. काहीच प्रतिसाद मिळत नाही असं दिसलं की ते मान फिरवतं, कासावीस होतं. हा प्रयोग सगळ्यांना ठाऊक असतो. पण त्याच संशोधकाच्या कामाचा दुसरा भाग क्वचितच सांगितला जातो. नेहमीच्या, छान चाललेल्या खेळातही आई आणि बाळ जुळलेले असतात ते वेळेच्या एक तृतीयांशाहूनही कमी. बाकी वेळ चुकामूक चालू असते: बाळ दुसरीकडे बघतं, आई जरा जास्तच उत्साह दाखवते, बाळाला विश्रांती हवी असते. मग कुणीतरी एक पाऊल मागे घेतं आणि पुन्हा जमतं.

२००१ मधल्या एका मोठ्या अभ्यासात चार महिन्यांच्या बाळांच्या आणि आयांच्या आवाजांची लय मोजली आणि वर्षाच्या वयात त्यांचं नातं तपासलं. सर्वांत सुरक्षित नातं मध्यम जुळणी असलेल्या जोड्यांत होतं. अतिशय घट्ट जुळणी असणाऱ्या जोड्यांत उलट असुरक्षितता जास्त दिसली. सतत एकमेकांवर डोळा ठेवून राहणं हे तणावाचंही लक्षण असतं.

डोळ्यांत डोळे घालून पाहिल्याने ताळमेळ वाढतो का?

आधी वाढतो, मग उतरतो. सोफी वोल्टजेन आणि थालिया व्हीटली यांनी २०२१ मध्ये दोघांच्या गप्पांत बाहुल्यांचा आकार मोजला. बाहुल्यांचा ताळमेळ वाढत वाढत नजरानजर होते त्या क्षणी शिखरावर पोचतो आणि नजर टिकून राहते तसतसा ओसरतो. नजर हलली की पुन्हा चढायला लागतो. गंमत म्हणजे गप्पांत नजरानजर जास्त असली की लोकांना त्या जास्त रंगल्यासारख्याही वाटतात. याचा अर्थ मी असा लावते: नजर ही खूण आहे, "तू आहेस ना सोबत? मग आता मी जरा माझ्या विचारात जाऊन येते." दोघांनी कायम एकाच विचारात राहायचं, तर नवीन काही बोलायला उरणार नाही.

वर्गात बसलेल्या मुलांमध्ये हे दिसतं का?

सुझान डिकर आणि सहकाऱ्यांनी न्यूयॉर्कमधल्या एका शाळेत बारा विद्यार्थ्यांच्या डोक्यावर ईईजी लावून एका सत्रातले वर्गाचे अकरा तास मोजले. निष्कर्ष २०१७ मध्ये आले. जो विद्यार्थी धड्यात जास्त गुंतलेला, त्याच्या लहरी बाकीच्या वर्गाशी जास्त जुळलेल्या. तासाआधी ज्या दोघांना काही वेळ एकमेकांकडे बघत बसवलं होतं, त्यांचा ताळमेळ नंतरच्या तासातही जास्त होता. पण यावरून मुलांचं लक्ष मोजणाऱ्या टोप्या शाळेत आणा, असं कुणी म्हणू लागलं तर मी ठाम विरोध करेन. बारा मुलांच्या सरासरीतून दिसलेली गोष्ट एका मुलाला गुण द्यायला वापरता येत नाही.

मित्रांचे मेंदू सारखे असतात का?

२०१८ मध्ये कॅरोलिन पार्किन्सन आणि सहकाऱ्यांनी एका वर्गातल्या ४२ विद्यार्थ्यांना एफएमआरआयमध्ये निरनिराळ्या चित्रफिती दाखवल्या. जवळच्या मित्रांचे प्रतिसाद मित्राच्या मित्रांपेक्षा जास्त मिळतेजुळते होते. मैत्रीमुळे ते तसे झाले, की तसे होते म्हणून मैत्री झाली, हे त्या अभ्यासातून सांगता येत नाही.

व्हिडिओ कॉलवर तेवढी मजा का येत नाही?

कारण तुळई लवचीक राहत नाही. संभाषणाचं घड्याळ ०.२ सेकंदावर चालतं आणि कॉलमध्ये आवाज पोचायलाच तेवढा उशीर होऊ शकतो. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका तुलनेत समोरासमोरच्या गप्पांत पाळी बदलायला सरासरी ०.१३५ सेकंद लागले, व्हिडिओ कॉलवर ०.४८७. आकडा छोटा दिसतो, पण एक तृतीयांश सेकंद जास्त शांतता आली की मेंदू तिचा अर्थ लावतो: याला पटलं नाही की काय? मग दोघं एकदम बोलतात, दोघं एकदम थांबतात.

शिवाय कॅमेरा एकीकडे आणि चेहरा दुसरीकडे असल्याने नजर कधीच मिळत नाही. लांबच्या माणसाशी मनापासून बोलायचं असेल तर मी साधा फोन पसंत करते. चेहरा दिसत नाही, पण आवाज नीट पोचतो आणि चुकीच्या खुणा मिळत नाहीत.

ऑटिझम असलेल्या व्यक्तींमध्ये ताळमेळ कमी असतो का?

ऑटिस्टिक आणि ऑटिस्टिक नसलेल्या व्यक्तींच्या जोड्यांत हालचालींची जुळणी कमी आढळते, असं बऱ्याच अभ्यासांत आलं आहे. वर्षानुवर्षं याचं खापर एकाच बाजूवर फुटत होतं. २०१२ मध्ये डेमियन मिल्टन यांनी मांडलं की समजण्यातली अडचण दुहेरी आहे. दोन वेगळ्या लयींच्या माणसांना एकमेकांची लय कळत नाही. २०२० मध्ये कॅथरिन क्रॉम्प्टन आणि सहकाऱ्यांनी कानगोष्टीसारखी साखळी लावून गोष्ट एकाकडून दुसऱ्याकडे पोचवायला सांगितली. फक्त ऑटिस्टिक व्यक्तींच्या साखळीत गोष्ट तितकीच नीट पोचली जितकी फक्त इतरांच्या साखळीत. मिश्र साखळीत ती जास्त गळत गेली. दोन माणसांतल्या जुळणीचा आकडा घेऊन त्यातल्या एकावर शिक्का मारणं मुळातच चूक आहे.

ताळमेळामुळे समजूत वाढते, की समजूत असते म्हणून ताळमेळ दिसतो?

हाच तो अवघड प्रश्न. या क्षेत्रातल्या बऱ्याच बातम्या तो टाळतात.

वेगवेगळ्या वेळी एकच सिनेमा पाहणाऱ्यांचे मेंदू जुळतात, हे वर आलंच आहे. मग एका खोलीत बसलेल्या दोघांचे मेंदू जुळलेले दिसले, तर ते एकमेकांमुळे की दोघांना एकच घड्याळाची टिकटिक ऐकू आली म्हणून? २००९ मध्ये बर्लिनच्या संशोधकांनी गिटारवादकांच्या जोड्यांचे ईईजी घेतले. वादकांना ठेका देताना आणि वाजवायला सुरुवात करताना लहरी जुळल्या. सुंदर प्रयोग आहे. पण दोघांचे हात एकच सूर एकाच वेळी छेडत असतील आणि कानावर एकच आवाज पडत असेल, तर मेंदूही सारखेच वागणार. एवढ्यावरून त्यांच्यात आणखी काही घडलं असं म्हणता येत नाही.

यावर उपाय आहेत. पहिला म्हणजे खोट्या जोड्या: या जोडीतला एक आणि त्या जोडीतला एक घेऊन त्यांचा ताळमेळ काढायचा. दोघांनी काम तेच केलेलं असतं, फक्त एकमेकांसोबत नाही. खऱ्या जोडीत त्याहून जास्त मिळालं तरच पुढे बोलायचं. दुसरा उपाय म्हणजे हालचाल, नजर आणि बोलणंही सोबत नोंदवून त्यांचा वाटा वेगळा काढणं. तिसरा म्हणजे दोन्ही मेंदूंना बाहेरून हलका विद्युतप्रवाह देऊन त्यांची लय मुद्दाम जुळवणं आणि वागण्यात फरक पडतो का ते पाहणं. जाकोमो नोवेम्ब्रे आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये असं केलं, तेव्हा बोटांनी ठेका धरण्याच्या कामात सुरुवातीची जुळणी सुधारली.

माझं मत असं: मेंदूंमधला ताळमेळ ही बहुतांशी पाऊलखूण आहे. दोघांचं लक्ष एकाच गोष्टीवर होतं, दोघं एकमेकांचा अंदाज घेत होते, याची ती खूण. पाऊलखूण मौल्यवान असते, कोण कुठून गेलं ते सांगते. पण चालायचं काम ती करत नाही.

ताळमेळ जेवढा जास्त तेवढा चांगला, असं आहे का?

मुळीच नाही. जिथे दोघांनी वेगवेगळं काम करायला हवं तिथे सारखेपणा आड येतो. सल्ला मागायला आलेल्या माणसाच्या घबराटीशी सल्ला देणाराही जुळला, तर दोघंही घाबरतात.

दुसरा धोका मोठा आहे. २०१२ मधल्या एका प्रयोगात काही जणांना दुसऱ्यासोबत पावलं जुळवून चालायला लावलं. नंतर त्याच साथीदाराने त्यांना दगडांखाली सापडणारे छोटे किडे मारण्यासाठी यंत्रात टाकायला सांगितलं. पावलं जुळवलेल्यांनी इतरांपेक्षा जास्त किडे टाकले. कदमताल माणसाला जवळ आणतो, आणि शेजारचा सांगेल ते करायलाही तयार करतो. लष्करी संचलनाने ही ताकद प्रयोगशाळेच्या कितीतरी आधी ओळखली होती.

प्राण्यांमध्येही असतं का?

असतं. २०१९ मध्ये फळं खाणाऱ्या वटवाघळांत आणि उंदरांत, एकत्र वावरताना, दोन मेंदूंतली हालचाल जुळल्याचं दाखवलं गेलं. वटवाघळांना वेगवेगळ्या पेट्यांत ठेवून तीच हालचाल करू दिली तर ती जुळणी राहिली नाही.

एखाद्याशी बोलताना लय जमतच नसेल, तर काय करून पाहावं?

दोष स्वभावाचा मानण्याआधी तुळई तपासा. समोरच्याला नीट ऐकू येतंय का? वय वाढलेल्या माणसांशी गप्पा खुंटतात, त्यामागे पुष्कळदा कमी झालेली श्रवणशक्ती असते आणि ती कुणी बोलून दाखवत नाही. मागे टीव्ही चालू असेल तर बंद करा. प्रकाश तुमच्या पाठीमागून येत असेल तर तुमचा चेहरा त्याला अंधारात दिसतो, जागा बदला. समोरासमोर बसून अवघडल्यासारखं होत असेल तर शेजारी शेजारी चालत बोला. पावलांची लय बरंच काम परस्पर करते आणि नजरेचं ओझं राहत नाही.

आणि प्रश्न विचारल्यावर थांबा. मेरी बड रो यांनी सत्तरच्या दशकात वर्गांतली संभाषणं मोजली. प्रश्न विचारल्यावर शिक्षक साधारण एक सेकंद थांबून लगेच पुढचं बोलत. तोच वेळ तीन सेकंदांवर नेला, तेव्हा उत्तरं लांब झाली, आणि एरवी गप्प बसणारी मुलंही बोलायला लागली.